शेळीची लस गाईला कां लागू पडते?

सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत रावेर तालुक्यांतील चिनावल येथें लंपी चर्मरोगाची लागण आढळली, व त्या वर्षींची साथ पाहतां पाहतां राज्यभर पसरली. गुरांचे बाजार बंद पडले. त्या वेळीं सरकारी पशुवैद्यांनीं जी लस टोंचली ती शेळ्यांच्या देवीची होती. ‘शेळीची लस गाईला कशी चालेल?’ असें आम्हांस पुष्कळ शेतकरी बंधूंनीं विचारलें. कोणी कोणी तर या एका शंकेपायीं जनावर दाव्यावरून सोडलेंच नाहीं. शंका रास्त आहे, व तिचें उत्तर शरीरांतील टी पेशींपाशीं आहे.

विषाणु हा चोर खरा, पण रस्त्यावरचा नव्हे. तो घरांत शिरून आंतून कडी लावून घेतो. रक्तांत फिरणारे प्रतिपिंड त्यास तो बाहेर असे तोंवरच धरूं शकतात. मात्र शरीराची एक वहिवाट मोठी नामी आहे. प्रत्येक पेशी आपल्या आंत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका खोबणींत बसवून बाहेर मांडते. जणूं प्रत्येक घरानें आंत काय शिजतें त्याचा नमुना उंबऱ्यावर ठेवावा. टी पेशी दारोदार हे नमुने तपासतात. परका तुकडा दिसला कीं मारक टी पेशी ती पेशीच, आंतील विषाणूंसुद्धां, नष्ट करते. आपल्याच तुकड्यांवर धांवणाऱ्या टी पेशी बहुतेक वासराच्या मानेंतील थायमस ग्रंथींत अगोदरच बाद केल्या जातात. त्या ग्रंथीवरूनच हें नांव पडलें.

वरील खोबण म्हणजे त्या शरीराची स्वतःची मुद्रा होय. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला, सबब हें आम्हांस लागलेंच पटलें. दाखल्यावरील मजकूर व शिक्का दोन्ही जुळल्यावांचून दाखला खरा नव्हे. तुकडा व मुद्रा एकत्र पाहिल्याखेरीज टी पेशी हालत नाहीं, हा शोध डोहर्टी व झिंकरनागेल यांनीं १९७३-७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें लावला. १९९६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. यांपैकीं डोहर्टी हे मूळचे गुरांचे डॉक्टर, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावी.

आतां मूळ शंका. टी पेशी अख्खा विषाणु पाहतच नाहीं, तुकडा पाहते. शेळीची देवी व लंपी यांचे विषाणु एकाच कुळांतले. त्यांची जनुकीय लिपी शेंकडा ९६-९७ सारखी. म्हणून एकावर तयार झालेल्या टी पेशी दुसऱ्याचेही पुष्कळ तुकडे ओळखतात. मुंबईंत १८०२ सालीं मुलीस पहिली देवी टोंचली ती गाईच्या देवीची होती, न्याय तोच.

परंतु एका तुकड्यास जुळणारी टी पेशी आरंभीं लाखांत एखादीच असते. लस टोंचल्यावर कातडीखालच्या पहारेकरी पेशी तुकडे घेऊन जवळच्या रसग्रंथींत जातात, चावडीवर वर्दी द्यावी तशा. तेथें जुळणारी टी पेशी सांपडली म्हणजे तिच्या हजारों होतात, व कांहीं पुढील प्रसंगासाठीं राखून ठेवल्या जातात. पुरतें संरक्षण येण्यास सुमारें तीन आठवडे धरावे. शेजारच्या गोठ्यांत गांठी दिसल्यावर धांवाधांव करणें म्हणजे पूर आल्यावर बांध घालणें होय.

ही लस जिवंत पण दुबळ्या विषाणूची असते. तो पेशींत शिरतो, म्हणूनच मारक टी पेशी नीट जागतात. धुळें-शिरपूरकडील वैशाखाच्या उन्हांत तो मेला, तर कुपी भरलेली दिसेल आणि गुण येणार नाहीं. लस बर्फाच्या पेटींतून निघाली काय, हें विचारण्यांत संकोच नसावा. एकदां कालवलेली लस दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं देऊं नये.

लस टोंचलेल्या कांहीं गुरांच्या रक्तांत पुढें प्रतिपिंड सांपडत नाहींत, तरी तीं रोगास दाद देत नाहींत. त्यांचा पहारा टी पेशींवर असतो. सबब रक्ततपासणींत कांहीं निघालें नाहीं, एवढ्यावरून लस वायां गेली असें समजूं नये.