आमटीचा वाडगा किती महाग असावा?

मुलांनो, गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. हातात थापटणे घेऊन त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर टपटप केले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले! आज आपण अमेरिकेतल्या एका कुंभाराची ओळख करून घेऊ.

वॉरन मॅकेन्झी (१९२४-२०१८) शिकागोत कला शिकले. १९४९ पासून सुमारे अडीच वर्षे त्यांनी पत्नी ॲलिक्स यांच्यासह इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्याकडे उमेदवारी केली. लीच हे काम जपानात शिकले होते. परतल्यावर मॅकेन्झींनी मिनेसोटात स्टिलवॉटरजवळ चाक मांडले. १९९० पर्यंत ते मिनेसोटा विद्यापीठात शिकवतही होते. वाडगे, पेले, बश्या... सारे रोजच्या जेवणात वापरायचे.

आता थोडे शास्त्र. आपला माठ साधारण हजार अंश सेल्सियसच्या आतच भाजतात. माती सच्छिद्र राहते, पाणी पाझरते आणि बाष्पीभवनाने आतले पाणी गार होते. माठाचा हा गुण आमटीच्या वाडग्यात मात्र दोष! मॅकेन्झींची भांडी 'स्टोनवेअर'ची. ती १२०० ते १३०० अंशांवर भाजतात. माती दगडासारखी घट्ट होते, वरच्या झिलईची काच बनते. आजीची लोणच्याची बरणी याच जातीची.

मॅकेन्झी किंमत मुद्दाम कमी ठेवत. महागडा वाडगा लोक कपाटात ठेवतात, त्यात आमटी कोण वाढणार? त्यांच्या दुकानात विक्रेताच नसे. चिठ्ठीवरची किंमत पाहायची, पैसे टोपलीत टाकायचे, लागल्यास सुटे पैसे त्यातूनच घ्यायचे आणि भांडे न्यायचे. अनेक वर्षे हे विश्वासावर चालले. पुढे त्यांचे नाव झाले, तसे काही जण ढीगभर भांडी उचलून चढ्या भावाने विकू लागले. अखेर २००६ साली दुकान बंद झाले. मला विचाराल तर यात कायदा कुठेच मोडला नव्हता, आणि तरीही जेवायला केलेला वाडगा पुन्हा कपाटातच गेला.

गृहपाठ : घरातला चिनी मातीचा मग उलटा करा. तळाशी बहुधा झिलई नसलेले कडे दिसेल. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका, दुसरा फुलझाडाच्या कोऱ्या लाल कुंडीवर. कुठला आधी जिरतो ते पाहून पाच वाक्ये लिहा. 'पाझरणे', 'जिरणे' आणि 'झिलई' हे शब्द त्यात आलेच पाहिजेत. आई-बाबांना विचारायला हरकत नाही, पण लिहायचे तुम्हीच!