नकोसे संदेश आणि हवा असलेला इशारा

हा लेख लिहिण्यास कारण झालेली हकीकत आमच्या घरचीच आहे, आणि तींत दोषही आमचाच आहे. तेव्हां ती प्रथम सांगून मोकळे होतों.

सन 2025 च्या सप्टेंबर महिन्यांत सीना नदीस जो पूर आला, त्याच्या आधीं सुमारें पंधरा दिवस आमचा पुतण्या आपला मोबाईल घेऊन आमच्याकडे आला. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, बक्षीस लागलें आहे, अशा मजकुराचे संदेश त्यास दिवसांतून वीस-पंचवीस वेळां येत आणि दर खेपेस यंत्र वाजे. धार काढतांना वाजे, फवारणी चालली असतां वाजे. आम्हीं सहज म्हटलें, "अरे, डी.एन.डी. लावून टाक, म्हणजे कटकट मिटेल." त्यानें त्याच सायंकाळीं तें लावलें आणि कटकट खरोखरच मिटली. पुढें पुराच्या दिवशीं दुपारीं, नदीकांठच्या गांवांनीं सावध राहावें, मोटारी व जनावरें वर घ्यावींत, असा सरकारी संदेश त्याच्या यंत्रावर आला. परंतु तो त्यानें पाहिला रात्रीं नऊ वाजतां. तोंपर्यंत साडेसात अश्वशक्तीची मोटार, स्टार्टर व पाइपाच्या सहा नळ्या पाण्याखालीं गेल्या होत्या. म्हैस वरच्या गोठ्यांत होती म्हणून वांचली. "नाना, तुम्हीच सांगितलं होतं ना लावायला," एवढेंच तो म्हणाला. त्यास काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं.

चूक कोठें झाली हें मागाहून चौकशी केल्यावर कळलें. डी.एन.डी. या एकाच नांवानें दोन अगदीं भिन्न गोष्टी ओळखल्या जातात. पहिली म्हणजे आपल्या हातांतील यंत्रांतच असलेली एक कळ. तिच्यावर चंद्रकोरीचें किंवा आडव्या रेघेच्या वर्तुळाचें चित्र असतें. ती दाबली कीं यंत्र मुकें होतें. कर्जवाल्याचा संदेश, जावयाचा संदेश आणि तहसील कचेरीचा संदेश, तिन्ही सारखेच गप्प. दुसरी म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमान्वयें आपल्या मोबाईल कंपनीच्या दप्तरीं करावयाची नोंद. तिचा क्रमांक 1909. या नोंदीनें जाहिराती तेवढ्या अडविल्या जातात. आपलें यंत्र वाजावयाचें थांबत नाहीं. आमच्या मनांत दुसरी होती, पुतण्यानें लावली पहिली. आम्हीं नांव सांगितलें, पण कोणतें तें सांगितलें नाहीं. कचेरींत असा अर्धवट शेरा एखाद्या प्रकरणावर कोणीं मारला असता, तर आम्हींच तो परत पाठविला असता.

आमची नोकरीचीं बरींच वर्षें तहसील कचेरींत बारनिशीच्या टेबलावर गेलीं. बारनिशीच्या कारकुनास टपाल फोडण्यापूर्वीं लखोट्यावरील शिक्का पाहण्याची संवय लागते. कोणाकडून आलें, तातडीचें कीं साधें, हें त्यास बाहेरूनच कळावें लागतें. मोबाईलवरील संदेशासही असा लखोटा असतो, पण तो पाहण्याची संवय आपणांस नसते. कंपन्या, बँका व सरकारी खातीं यांच्याकडून येणाऱ्या संदेशावर पाठविणाऱ्याचा दहा आंकडी क्रमांक नसून कांहीं इंग्रजी अक्षरें असतात. सन 2025 च्या फेब्रुवारींत नियमांत जी सुधारणा झाली, तिच्यामुळें या अक्षरांच्या शेवटीं एक आडवी रेघ व तिच्यापुढें एक अक्षर येऊं लागलें आहे. तें अक्षर पी असेल तर ती जाहिरात समजावी. टी असेल तर तो देवघेवीचा संदेश, म्हणजे बँकेंतून पैसे गेले-आले किंवा क्षणभर टिकणारा गुप्त आंकडा आला, असा. एस असेल तर तो सेवेसंबंधींचा, व जी असेल तर सरकारी. इंग्रजी न येणाऱ्यासही हीं चार अक्षरें एका सायंकाळीं ओळखतां येतात. आमच्या भावजयीस आलीं.

आतां 1909 ची नोंद कशी करावी तें सांगतों. संदेश लिहावयाच्या जागीं स्टार्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा, एक जागा सोडून शून्याचा आंकडा लिहावा व तो संदेश 1909 या क्रमांकावर पाठवावा. यास पैसे पडत नाहींत. लिहिण्याचें जमत नसल्यास त्याच क्रमांकावर फोन करून सांगतां येतें. शून्य याचा अर्थ सर्व प्रकारच्या जाहिराती बंद. बँक, घरजागा, शिक्षण, आरोग्य असे निरनिराळे वर्ग केलेले आहेत, व ज्यास त्यांपैकीं कांहीं ठेवावयाचे असतील त्यास तेवढे ठेवतां येतात. परंतु शेतकऱ्यास त्या निवडींत पडण्याचें विशेष कारण आम्हांस दिसत नाहीं. कंपनीकडून उलट पावती येते, ती पुसून टाकूं नये.

या नोंदीनें सर्व उपद्रव जाईल असें मात्र समजूं नये. खताच्या, बियाण्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या दुकानांत आपण एखाद्या कागदावर नंबर लिहून सही केली असेल, तर ती आपली संमति समजली जाते व त्या दुकानाचे संदेश चालूच राहतात. सोडतीच्या कुपनावर नंबर लिहितांना हें लक्षांत ठेवावें. जाहिरातीच्या संदेशांतच तो बंद करण्याची सोय दिलेली असली पाहिजे असा आतां नियम आहे, तिचा उपयोग करावा. दुसरे चोरटे असतात ते नोंदणी न करतां साध्या दहा आंकडी क्रमांकावरून जाहिराती पाठवितात. यांची तक्रार 1909 वरच करावयाची. आलेल्या संदेशाचा मजकूर, मग स्वल्पविराम, पाठविणाऱ्याचा क्रमांक, मग स्वल्पविराम व संदेश आल्याची तारीख, इतकें लिहून पाठवावें. पूर्वीं ही तक्रार तीन दिवसांच्या आंत करावी लागे; सन 2025 च्या सुधारणेनें मुदत सात दिवसांची झाली आहे. कंपनीनें अशा चोरट्यावर तीस दिवसांत कारवाई करावी असें पूर्वीं होतें, तेथें आतां पांच दिवस आहेत. 1909 कडे आधीं नोंद केलेली नसली तरी तक्रार घेतली जाते. आमच्या अनुभवानें, एका तक्रारीनें फरक दिसत नाहीं. चार-पांच जणांनीं त्याच क्रमांकाची तक्रार केली म्हणजे तो बंद पडतो. म्हणून वाडींतील लोकांनीं एकमेकांस क्रमांक दाखवावेत.

हें झालें टपालाचें. परंतु कांहीं इशारे टपालानें येतच नाहींत, ते दवंडीनें येतात, व हा भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. साधा संदेश हा आपल्या क्रमांकावर, म्हणजे आपल्या नांवें येतो. हजारों लोकांस एकदम पाठवावयाचा झाल्यास तो रांगेनें जातो, व गर्दी झाली कीं मागें पडतो. दवंडीचें तसें नाहीं. कोतवाल चावडीपुढें उभा राहून थाळी वाजवितो तेव्हां तो कोणाचें नांव घेत नाहीं; जेवढ्यांच्या कानीं आवाज पडेल तेवढ्यांस ती लागू. त्याचप्रमाणें मोबाईलच्या मनोऱ्यावरून त्याच्या टापूंतील सर्व यंत्रांस एकाच क्षणीं इशारा सोडतां येतो. यास सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. त्यास कोणाचा क्रमांक लागत नाहीं व संदेशांच्या गर्दीचा अडथळा होत नाहीं. परगांवचा मनुष्य आपल्या गांवीं आलेला असला तरी त्याचें यंत्र वाजतें, आणि आपण पंढरपुरास गेलेले असलों तर आपल्या गांवची दवंडी आपणांस ऐकूं येत नाहीं.

सन 2023 च्या पावसाळ्यांत राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरण व दूरसंचार खातें यांनीं या दवंडीची चांचणी घेतली, तेव्हां पुष्कळांचीं यंत्रें एकाएकीं मोठ्यानें कोकलूं लागलीं हें वाचकांस आठवत असेल. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं तें यंत्र बिघडलें असें समजून पाण्याच्या बादलीजवळ नेऊन ठेविलें होतें. संदेशांत ही केवळ चांचणी आहे असें लिहिलें होतें, तरी वाचतो कोण! त्या वेळीं भिऊन किंवा त्रासून अनेकांनीं मुलांकडून ती सोय बंद करून घेतली व पुन्हां कधीं चालू केली नाहीं. अशांनीं आपल्या यंत्रांतील सेटिंग्ज उघडावी, तींत सुरक्षा व आणीबाणी अशा अर्थाचा भाग असतो, त्यांत वायरलेस इमर्जन्सी अलर्ट ही ओळ शोधावी, आणि अति गंभीर व गंभीर धोक्याच्या सूचनांच्या कळा चालू आहेत कीं नाहींत हें पाहावें. कांहीं यंत्रांत ही ओळ नोटिफिकेशनच्या यादींत अगदीं तळाशीं असते. चांचणीच्या सूचनांची कळ वेगळी असते. ती बंद राहिली तरी नुकसान नाहीं. पुष्कळ यंत्रांत गंभीर इशारा यंत्र मुकें केलेलें असतांही वाजतो, परंतु सर्व यंत्रांत तसें होईलच यावर आपली मोटार टांगून ठेवूं नये.

शिवाय पाऊस, वीज व पूर यांच्या कांहीं सूचना आजही साध्या संदेशानेंच येतात. पुढील तीन तासांत अमुक जिल्ह्यांत मेघगर्जनेसह पाऊस, अशा धर्तीचा हा मजकूर असतो व पाठविणाऱ्याच्या अक्षरांत एन.डी.एम.ए. हीं अक्षरें दिसतात. हे संदेश यंत्र मुकें केल्यावर गप्प राहतात. आमच्या घरीं घडलें तें हेंच. म्हणून यंत्र मुकें न करतां, ज्याचा त्रास होतो त्या एकट्याचें तोंड बंद करावें. त्याच्या संदेशाच्या ओळीवर बोट दाबून धरलें म्हणजे त्यास अडविण्याची किंवा त्याचा आवाज बंद करण्याची सोय निघते. हें करतांना शेवटीं जी हें अक्षर असलेला कोणीही अडवूं नये. सरकारी संदेशांत निरोप थोडा व गाजावाजा फार असतो, हें आम्हीं त्याच सरकारच्या नोकरींत केस पांढरे करून म्हणतों; तरी दहा गाजावाजे सोसावेत, कारण अकरावा धरणाच्या पाण्याचा असूं शकतो. कांहीं यंत्रें संशयित संदेश आपण होऊन एका निराळ्या कप्प्यांत टाकतात. त्यांत कधीं कधीं खराही जाऊन पडतो, तेव्हां आठवड्यांतून एकदां तो कप्पा उघडून पाहावा.

रात्रीं झोंप मोडते म्हणून चंद्रकोरीची कळ ज्यांस लावावयाचीच असेल, त्यांनीं तींत अपवाद ठेवावेत. तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, कोतवाल, पोलीस पाटील व नदीच्या वरच्या अंगास राहणारा एखादा सोयरा, यांचे क्रमांक अपवादांत घातले म्हणजे त्यांचे फोन वाजतात. आमच्या पुतण्याच्या यंत्रांत ही कळ रोज ठराविक वेळीं आपोआप लागे असेंही नंतर आढळलें. वीज रात्रींची असल्यामुळें रात्रीं दारें धरणाऱ्यानें हें अवश्य तपासावें.

विजेविषयीं थोडें लिहितों. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें दामिनी नांवाचें ॲप काढलें आहे व तें फुकट मिळतें. आपण जेथें उभे असूं तेथून 20 व 40 किलोमीटरांच्या आंत वीज पडत असल्यास तें सांगतें. त्यास आपलें ठिकाण कळावें लागतें, म्हणून लोकेशनची कळ बंद असली तर तें निरुपयोगी. पुष्कळांनीं बॅटरी वांचविण्यासाठीं ती बंद ठेवलेली असते; निदान वळवाच्या दिवसांत व परतीच्या पावसांत दुपारनंतर ती चालू ठेवावी. इशारा आल्यावर झाडाखालीं जाऊं नये, बैल सोडून पक्क्या इमारतींत जावें, व तसा आसरा नसेल तर पाय जवळ घेऊन उकिडवें बसावें, जमिनीवर आडवें पडूं नये. हवामान खात्याच्या रंगांपैकीं पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा व तांबडा म्हणजे आतांच हालचाल करा, इतकें ध्यानीं असलें कीं पुरे.

आणखी एक प्रकार आहे, तो उपद्रवाचा नसून सरळ चोरीचा. किसान सन्मानाचा 2,000 रुपयांचा हप्ता अडला आहे, ही फाईल उघडा, अशा मजकुराबरोबर ए.पी.के. या अक्षरांनीं संपणारी फाईल येते. ती उघडली कीं आपल्या यंत्रांतले संदेश चोराच्या हातीं जातात व त्याबरोबर बँकेचा गुप्त आंकडाही. आम्हांसारख्या पेन्शनरांस हयातीच्या दाखल्याच्या नांवानें असेच निरोप येतात; एक आम्हांसही आला होता, व बोट अगदीं त्यावर गेलें होतें. सरकारी खातें अशी फाईल पाठवीत नाहीं. पैसे गेलेच तर वेळ न दवडतां 1930 या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या तास-दोन तासांत कळविल्यास रक्कम वाटेंत अडविण्याचा संभव अधिक असतो. पैसे गेले नसतील व नुसता संशय असेल, तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर चक्षु नांवाची सोय सन 2024 पासून आहे, तेथें कळवितां येतें.

पुतण्याची मोटार पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशीं गाळांत सांपडली. वायंडिंग नवें करून ती चालूं लागली; स्टार्टर व चार नळ्या मात्र गेल्या. वर सांगितलेलें सर्व आम्हीं त्याच्या व त्याच्या आईच्या यंत्रांवर स्वतः बसून केलें, व दर यंत्रास सुमारें वीस मिनिटें लागलीं. सालगड्याचें यंत्र साधें, बटणांचें आहे. त्यावर दामिनी चालत नाहीं. 1909 ची नोंद मात्र झाली. तो नदीकडच्या पट्टींत कामास असला, कीं विजेचा किंवा पाण्याचा इशारा येतांच त्यास फोन करण्याचें काम पुतण्यानें आपल्याकडे घेतलें आहे.