बुद्धिबळाचा संगणक : एक प्रोसेसर की दोन?

संगणकात एकाऐवजी दोन प्रोसेसर असले, तर त्यावरील बुद्धिबळाचा प्रोग्रॅम दुप्पट बलवान होतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत सर्रास आढळते. वसतिगृहाच्या मर्यादित निधीतून यंत्र घ्यावयाचे असल्यास ही समजूत पारखून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम संगणक चाल कशी शोधतो ते पाहू. डावाच्या मध्यावर खेळाडूपुढे सरासरी ३५ चाली असतात आणि प्रत्येकीला तितकीच उत्तरे. दोन्ही बाजूंच्या मिळून चार चाली पुढे पाहावयाच्या, तर सुमारे १५ लाख स्थिती होतात. हा पसारा ‘अल्फा-बीटा’ छाटणीने आवरला जातो. एका चालीचे मूल्य कळले की दुसरी चाल तिच्याहून वाईट असल्याचे प्रतिस्पर्ध्याच्या एकाच चोख उत्तरावरून ठरते. उरलेली उत्तरे तपासावी लागत नाहीत. चालींचा क्रम उत्तम लाभल्यास १५ लाखांचे काम अवघ्या २,४४९ स्थितींत आटोपते.

मेख येथेच आहे. ज्वारीच्या काढणीला दुप्पट माणसे लावली, तर रान निम्म्या वेळात मोकळे होते. बाजारातील खरेदीचे तसे नाही. माढ्याच्या बाजारात एका दुकानातील भाव कळला, की पुढच्या दुकानातील चढा भाव ऐकताच आपण पुढे सरकतो. दोघे एकाच वेळी दोन टोकांनी निघाले, तर दुसऱ्याला पहिला भाव ठाऊक नसतो. तो व्यर्थ घासाघीस करीत बसतो. दुसऱ्या प्रोसेसरचे काही श्रम असेच वाया जातात. म्हणून दोघांना सामायिक स्मृतीतील एका तक्त्यावर आपापले निष्कर्ष नोंदवावे लागतात.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियमही हेच सांगतो. कामाचा ९० टक्के भाग वाटता आला आणि १० टक्के एकट्यानेच करावा लागला, तर दोन प्रोसेसरांनी वेग १.८२ पट होतो, दुप्पट नव्हे. शिवाय वेग वाढला म्हणजे दृष्टी तितकीच खोल जाते असेही नाही. केवळ अल्फा-बीटा वापरल्यास एक चाल अधिक पाहण्यास सुमारे सहापट काम पडते. आजचे प्रोग्रॅम याहून कठोर छाटणी करतात, म्हणून त्यांना लाभ अधिक होतो. तरी बळ दुप्पट होत नाही.

याचा अर्थ अनेक प्रोसेसर निरुपयोगी, असा नव्हे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये घडविलेला ‘परम ८०००’ अनेक प्रोसेसरांच्या सहकार्यावरच उभा होता. १९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५-२.५ असे हरविणाऱ्या ‘डीप ब्लू’मध्ये बुद्धिबळासाठी खास बनविलेल्या ४८० चिप होत्या. मात्र तेथे कामाची वाटणी हीच खरी विद्या होती.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे. ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्यातील ‘थ्रेड्स’ची संख्या प्रथम १, मग २ ठेवावी, प्रत्येक वेळी स्मृती पुसून तीच स्थिती, तितक्याच खोलीपर्यंत तपासावी व वेळ नोंदवावा. दोन थ्रेड्सचा वेळ दरवेळी बदलतो, म्हणून प्रयोग दहादा करून सरासरी काढावी.

आमचे मत असे : त्याच किमतीत दोन कोअर मिळत असतील तर अवश्य घ्यावेत. पण वाढीव खर्चात दुसरे साधे यंत्र येत असेल, तर तेच घ्यावे. दोन निरनिराळे डाव दोन यंत्रांवर तपासले, तर काम खरोखर दुप्पट होते आणि एकाऐवजी दोन विद्यार्थी शिकतात.