संगणकाच्या जाळ्यावरील धडा

आडाचे पाणी एका वाड्यास पुरते. कालव्याचे पाणी शेकडो शेतांस मिळते. गंगापूर धरणाचे कालवे पाहिलेल्या नाशिककरांस हे निराळे सांगावयास नको. विद्येचेही असेच आहे. एका उत्तम शिक्षकाचा धडा एकाच वर्गापुरता न राहता राज्यातील सर्व शाळांस कसा लाभावा, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे संगणकांचे जाळे होय.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांना एकत्र आणून संगणक पुरविणारी संस्था 1973 साली स्थापिली. दूरदूरच्या शाळा टेलिफोनच्या तारेने मध्यवर्ती संगणकास जोडल्या जात. त्याच राज्यात 1971 साली तिघा तरुण शिक्षकांनी पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा इतिहास शिकविण्यासाठी संगणकावर एक खेळ रचिला होता. एका वर्गासाठी केलेला तो खेळ या जाळ्यामुळे पुढे राज्यभर पोहोचला.

आपल्याकडे 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पुढे 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले व त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत संगणकाची ओळख करून दिली. सन 2017 मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांत जी चौकोनी क्यूआर चिन्हे दिसतात, ती म्हणजे धड्याचे पत्तेच होत. मोबाइलने चिन्ह टिपले की त्या पाठाशी जोडलेले साहित्य समोर येते. साहित्य मध्यवर्ती ठिकाणी असल्यामुळे तेथे एकदा केलेली सुधारणा सर्वांस मिळते. पुस्तक पुन्हा छापावे लागत नाही.

परंतु छापील पान काचेवर दाखविले म्हणजे धडा झाला, असे मात्र नव्हे. एक उदाहरण घेऊ. एक द्वितीयांश व एक तृतीयांश यांची बेरीज एखादा मुलगा दोन पंचमांश अशी करतो. त्यावर केवळ ‘चूक’ असे दाखविणारा धडा निरुपयोगी होय. या मुलाने अंशात अंश व छेदात छेद मिळविला आहे, हे धड्याने ओळखले पाहिजे. मग त्याने विचारावे, ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल?’ दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी! मुलगा स्वतःच थबकतो, छेद समान करतो व पाच षष्ठांश या उत्तरास येऊन पोहोचतो. अशा चुका आधी ओळखावयास वर्गात वर्षे घालविलेला शिक्षकच लागतो. यंत्रज्ञ त्याच्या अनुभवास आकार देतो. म्हणून असे धडे शिक्षक व यंत्रज्ञ यांनी मिळून, शुद्ध व सुबोध मराठीत रचिले पाहिजेत.

दुसरी गोष्ट न्यायाची आहे. सन 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी मोबाइल नव्हता, त्या घरच्या मुलाची शाळा खरोखरच बंद झाली. कालवा बांधिला, पण शेवटच्या शेतापर्यंत चारी खणली नाही, तर त्या शेतकऱ्यास काय लाभ? यास्तव धडा लहान असावा, एकदा उतरवून घेतल्यावर जाळ्याविना चालावा, आणि शाळेतील एका यंत्राभोवती अनेक मुलांस बसून शिकता यावे.

पालकांस एवढीच विनंती की, मूल यंत्रासमोर किती वेळ बसले हे पाहून समाधान मानू नये. आज काय शिकलास ते आपल्या शब्दांत सांग, असे त्यास रोज विचारावे. आणि मित्रहो, पाणी बांधापर्यंत आले तरी नांगर ज्याचा त्यानेच धरावयाचा असतो. वही उघडा, गणित स्वतः सोडवा, अडेल तेथे गुरुजींस विचारा. जाळे धडा दारापर्यंत आणील. तो आत्मसात करणे तुमचेच काम आहे.