करी रोडच्या आसपासचे कारागीर

मुंबईच्या मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आणि परळ या दोहोंच्या मध्यें करी रोड नांवाचें एक लहानसें स्थानक आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांस हें नांव भाताबरोबर खाण्याच्या 'करी'वरून पडलें असावें असें वाटतें. वस्तुतः करी हें एका इंग्रज रेल्वे अधिकाऱ्याचें आडनांव होय; आणि मौज अशी कीं, हा गृहस्थ या लोहमार्गाचा नसून पश्चिमेकडील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा अधिकारी होता. या स्थानकास लालबाग असें नांव द्यावें, असा ठराव राज्याच्या विधिमंडळानें २०२४ सालीं केला. स्थानकाचें नांव कांहींही राहो. ज्यांनीं हा भाग आपल्या हातांनीं उभा केला, त्यांचीं नांवें कोठल्याच पाटीवर नाहींत. त्या मंडळींची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, एवढ्याच हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

मुंबईंत कापसाची पहिली गिरणी काढण्यासाठीं कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थानें १८५४ सालीं कंपनी स्थापन केली, आणि १८५६ सालीं ती गिरणी ताडदेव येथें सुरू झाली. त्यानंतर चाळीसपन्नास वर्षांच्या आंत भायखळ्यापासून दादरपर्यंत धुराड्यांची दाटी झाली, व या सर्व भागास लोक गिरणगांव म्हणूं लागले. या गिरण्यांत काम करावयास जे आले ते कोण? ते बहुतेक शेतकरी होते. रत्नागिरीकडील खाचरांत ज्यांचें भात चार महिने पुरेल इतकेंच पिके, सातारा-कोल्हापुराकडे ज्यांच्या वांट्यास जमिनीचा तुकडाच काय तो आला, असे तरुण बोटीनें किंवा पायीं मुंबईस येत. परंतु येथें साचा चालवितांनाही त्यांचें अर्धें चित्त बांधावर असे. पगार झाला कीं मनीऑर्डर गांवीं जाई; त्यांतून बी-बियाणें घेतलें जाई, सावकाराचा हप्ता फिटे, बहिणीचें लग्न होई. पेरणीच्या वेळीं, शिमग्यास व गणपतीस रजा मिळाली नाहीं तर ते बिनपगारी जात. मालकांचीं माणसें याला आळस म्हणत. आमच्या मतें तो आळस नव्हे. मुंबईच्या पगारावर सबंध घर पोसलें जात नव्हतें, म्हणून शेत सोडणें परवडत नव्हतें.

आतां गिरणींत कापसाचें कापड कसें होई तें नीट लक्ष देऊन वाचा. कारण आज या भागांत राहणाऱ्या मुलांनींही तें कधीं पाहिलेलें नसतें. गांवाकडून कापूस दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांत येतो. तो प्रथम फोडून मोकळा करितात व त्यांतील माती, सरकीचे तुकडे आणि कचरा झाडून काढितात. मग तो पिंजण्याच्या यंत्रावर जातो. तेथें बारीक तारांच्या दांत्यांनीं त्याचे तंतू सुटे होऊन एका दिशेस वळतात, आणि बोटाएवढा जाड, मऊ असा पेळू बाहेर पडतो. असे अनेक पेळू एकत्र ओढून बारीक करितात, म्हणजे जाडीभरडी सारखी होते. नंतर त्यास थोडा पीळ देतात, आणि शेवटीं साचा खात्यांत पूर्ण पीळ देऊन सूत काततात. हें सूत दोन वाटांनीं जातें. एक उभें सूत, म्हणजे ताणा. त्यास कांजी पाजावी लागते, नाहीं तर मागावरच्या ओढाताणींत तें तुटतें. दुसरें आडवें सूत, म्हणजे बाणा. तें कांडीवर गुंडाळून धोट्यांत बसवितात. धोटा ताण्याच्या दोन थरांमधून इकडून तिकडे धांवतो, फणी प्रत्येक धागा ठोकून बसविते, आणि कापड बोटबोट पुढें सरकतें. हें सर्व चालूं असतां खात्यांत एवढा आवाज असे कीं शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तर हातवारे करावे लागत. सूत तुटूं नये म्हणून हवा दमट ठेवीत. बारीक तंतू हवेंत उडत आणि श्वासाबरोबर छातींत जात. पुष्कळ जुन्या कामगारांच्या खोकल्याचें मूळ या तंतूंत होतें.

या धोट्याविषयीं एक गोष्ट आम्हांस सांगितलीच पाहिजे. कांडी संपली म्हणजे विणकरानें दुसरी बसवावयाची, आणि नव्या सुताचें टोंक धोट्याच्या भोकांतून बाहेर काढावयाचें. हें काम झटपट व्हावें म्हणून विणकर भोकास तोंड लावून श्वासाबरोबर सूत ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडास लागे. एवढ्या कारणावरून ज्यांस अस्पृश्य म्हणत, त्या जातींच्या कामगारांस विणाई खात्यांत शिरूं देत नसत. आणि विणाई खात्यांतच पगार अधिक! कताईच्या खात्यांत कमी पगारावर ते चालत. कापसाची धूळ खाण्यास त्यांची छाती चाले, पण विणकराच्या मजुरीस त्यांचें तोंड चालत नसे. ही बंदी कोणत्या कायद्यांत लिहिलेली नव्हती; शेजारीं उभे राहणाऱ्या गरीब कामगारांनींच ती पाळली होती, आणि मालकांनीं तिकडे डोळेझांक केली होती. १९२८ सालीं मुंबईंत गिरणी कामगारांचा जो मोठा संप झाला, त्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें मांडला, आणि मागण्यांत त्यास स्थान असलें पाहिजे असा आग्रह धरिला. बाबासाहेबांस ही स्थिति पुस्तकांतून कळलेली नव्हती. परळच्या बी. आय. टी. चाळींत कामगारांच्या शेजारीं त्यांनीं कित्येक वर्षें काढिलीं होतीं, आणि १९२४ सालीं स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरीही परळच्या दामोदर हॉलमध्यें होती. ज्या मुलांस वर्गांत कोणाशेजारीं बसावें याची निवड करावीशी वाटते, त्यांनीं हा परिच्छेद पुन्हां एकदां वाचावा.

रविवारच्या सुटीचा उपभोग आपण सर्वच घेतों. ती गिरणी कामगारांस मिळवून देण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचा वांटा सर्वांत मोठा. ते जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांची सभा स्थापन केली. आठवड्याची एकही सुटी नाहीं, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, अशी तेव्हांची रीत होती. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुटीचा असावा, असेंही त्यांचें म्हणणें होतें. अखेरीस १० जून १८९० रोजीं ती सुटी मान्य झाली. पुढें प्लेगच्या सांथींत रोग्यांची सेवा करीत असतां लोखंडे यांस त्याच रोगानें गांठिलें, आणि १८९७ सालीं त्यांचें देहावसान झालें.

हे हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून एकेका खोलींत दहा-दहा, वीस-वीस असे राहत. एका पाळीचे लोक कामावर गेले म्हणजे त्यांच्या जागेवर दुसऱ्या पाळीचे येऊन निजत. यांचें जेवण कोण रांधीत असे? चाळींतील स्त्रिया. दहा बाय बाराच्या खोलींत स्वतःचा संसार सांभाळून एकेक बाई पंधरा-वीस माणसांची खाणावळ चालवी. पहाटेचा भोंगा होण्यापूर्वीं चूल पेटे. भाकऱ्या थापून डबे भरले जात. रात्रपाळीवाला परत आला कीं त्याचें ताट निराळें. पैसे महिन्याच्या शेवटीं मिळत, पण वाण्याचें देणें रोजचें. म्हणून दुकानदाराकडून उधारी आणि सावकाराकडून भारी व्याजाचें कर्ज, असा तिचा हिशेब चाले. संप झाला तर जेवणारे उधारीवर जेवत, आणि ती त्यांस उठवून लावीत नसे. मुंबईच्या संपांच्या इतिहासांत पुढाऱ्यांचीं नांवें आहेत. उधारीवर भाकरी घालणाऱ्या या बायकांचीं फारशीं नाहींत. गोव्याच्या मुक्तिसंग्रामांत भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनीं हें जाणलें, व १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांस राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळण्याची वाट करून दिली. सावकाराच्या दारीं जाणारी बाई स्वतःच्या सहीनें बँकेंतून पैसे घेऊं लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

खाणावळी आतां थोड्याच उरल्या. परंतु तिखटामसाल्याचा व्यवहार लालबागेंत अद्यापि जोरांत आहे. चैत्र-वैशाखांत येथील मसाल्याच्या गल्लींतून जाणारास शिंका आल्यावांचून राहत नाहींत. बेडगी मिरची रंगाकरितां, संकेश्वरी तिखटपणाकरितां, लवंगी त्याहून जहाल. धणे, जिरें, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल हीं सर्व निवडून, उन्हांत वाळवून, बेतानें भाजून गृहिणी डंकावर आणितात. डंक म्हणजे यंत्रानें वर उचलून खालीं सोडलेलीं लोखंडी मुसळें. कुटण्यांत मसाला दळण्याइतका तापत नाहीं, म्हणून त्याचा वास टिकतो, असें जाणत्या बायका सांगतात. मालवणी घराचा मसाला निराळा, घाटावरचा निराळा. डंकावरचा माणूस पिशवींतील जिन्नस पाहून बाई कोणत्या मुलुखाची हें ओळखतो. तेथून जवळच चिवडा गल्ली आहे. तिच्याविषयीं आमचे विद्यार्थी आमच्याहून अधिक जाणतात.

पावसाळ्याच्या सुमारास याच भागांत दुसरें एक काम चालतें, तें मूर्तिकारांचें. पूजेविषयीं ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या ठायीं. येथें आम्ही हातांच्या कसबाविषयीं बोलत आहों. पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ सालीं बंद झाला, तेव्हां कोळी बांधवांनीं व दुकानदारांनीं कायमच्या जागेसाठीं नवस केला. जागा मिळाल्यावर १९३४ सालीं लालबागच्या सार्वजनिक गणपतीची स्थापना झाली, आणि १९३५ पासून त्याची मूर्ति कांबळी घराण्यांत घडत आली आहे. परळचे विजय खातू उंच मूर्तींसाठीं विख्यात होते. २०१७ सालीं ते वारल्यावर त्यांच्या कन्येनें तो कारखाना पुढें चालविला. लहान मूर्ति शाडूची करितां येते. वीस फुटांच्या मूर्तीस शाडू झेपत नाहीं. तिला आंतून लांकडाचा सांगाडा, आणि वर प्लॅस्टरमध्यें भिजविलेला काथ्या लागतो. प्लॅस्टर पाण्यांत विरघळत नाहीं, हा त्याचा दोष; त्यावर शासनानें व न्यायालयांनीं नियम घातले आहेत, व कारागिरांस नवी वाट शोधावी लागत आहे. सर्व रंगकाम झाल्यावर डोळ्यांची आखणी करितात. तें काम बहुधा मुख्य कारागीर स्वतः करितो. त्या वेळीं कारखान्यांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

कापड आणि माती यांच्यासारखेच शब्दही या भागांत घडले. वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे यांचें शाळेंतलें शिक्षण दीड दिवसाचें. गिरणींत काम करीत ते अक्षरें गिरवूं लागले, १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें, आणि त्यांच्या 'फकिरा' कादंबरीस राज्य शासनाचें पारितोषिक मिळालें. नारायण सुर्वे हे तर रस्त्यावर सांपडलेलें मूल. गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणी कामगारानें त्यास उचलून घरीं आणिलें, आपलें आडनांव दिलें, आणि त्या पतिपत्नींनीं पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें. तो मुलगा गिरणींत राबला, महानगरपालिकेच्या शाळेंत शिपाई झाला, अभ्यास करून शिक्षक झाला, आणि १९६२ सालीं 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्याचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. सुर्वे यांस पुढें पद्मश्री मिळाली. पण आम्हांस वारंवार आठवतो तो गंगाराम. ज्याच्या स्वतःच्या ताटांत फारसें कांहीं नव्हतें, त्यानें तें ताट दुसऱ्यापुढें सारिलें. मराठी भाषेस एक कवि मिळाला तो त्यामुळें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. तो संप मिटल्याचें कधीं कोणी जाहीर केलें नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक बंद झाल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे व बाजार उठले, आणि फिनिक्स, कमला हीं गिरण्यांचीं नांवें उपाहारगृहांच्या व दुकानांच्या पत्त्यांत उरलीं. कांहीं कामगारांस सोडतींत घरें मिळालीं. पुष्कळ जण अद्यापि वाट पाहत आहेत, आणि कित्येक वाट पाहतांच गेले.

ज्या विद्यार्थ्यांचे आजोबा, पणजोबा किंवा आजी या भागांत राबलीं असतील, त्यांनीं मे महिन्याच्या सुटींत पुढील गोष्टी विचारून वहींत लिहून आणाव्या: कोणती गिरणी, कोणतें खातें, कितवी पाळी, प्रथम पगार किती, गांव कोणतें, जेवण कोणाच्या खाणावळींत, आणि त्या बाईचें नांव काय. शेवटचें नांव आठवत नसेल तर शेजारीं विचारावें. चाळींतील एखाद्या म्हाताऱ्या बाईस तें खात्रीनें ठाऊक असेल. जमलेल्या वह्या आम्ही शाळेच्या ग्रंथालयांत ठेवणार आहों.