सुवर्णकमळ आणि मराठी आई

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा इतिहास मराठी माणसाला सांगायचा तर तो एका आईपासूनच सुरू करावा लागतो. १० ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत हे पुरस्कार प्रथम दिले गेले. त्या काळी त्यांना 'राज्य पुरस्कार' म्हणत. १९५३ सालच्या चित्रपटांतून देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' हा हिंदी चित्रपट स्पर्धेत होता आणि त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पदकाचे मोल कळते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले ते पुस्तक, वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम ही नावे आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या मोठ्या माणसांकडून किंवा शाळेतल्या गुरुजींकडून ऐकलेली असतात. मी ती शाळेत ऐकली. आमच्या घरी वाचणारे कोणी नव्हते.

प्रस्तुत लेखात मला पुरस्कारांची संपूर्ण जंत्री द्यायची नाही. ती कोणत्याही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मिळते आणि आपल्यापैकी पुष्कळजण ती पाठही करीत असतात. कोणत्या वर्षी कोणाला, एवढेच त्या पाठांतरात उरते. कशासाठी, हे गळून जाते. मला त्या 'कशासाठी'बद्दल दोन शब्द लिहायचे आहेत.

प्रथम थोडी माहिती. स्वातंत्र्यानंतर सरकारने चित्रपटाकडे करमणुकीचे साधन आणि कराचे उत्पन्न यापलीकडे जाऊन पाहावे, या हेतूने हे पुरस्कार सुरू झाले. दुसऱ्या वर्षी सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'ला आणि तिसऱ्या वर्षी सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ला सुवर्णपदक मिळाले. आरंभी पुरस्कार चित्रपटांना होते, माणसांना नव्हते. नट, नटी आणि दिग्दर्शक यांना वेगळा मान मिळू लागला तो १९६७ सालच्या चित्रपटांपासून. उत्तमकुमार आणि नर्गिस हे पहिले मानकरी. त्या वेळी नटाच्या पुरस्काराला 'भरत' आणि नटीच्या पुरस्काराला 'उर्वशी' असे नाव होते. भरतमुनी हा शास्त्रकार आणि उर्वशी ही अप्सरा. पुरुषाला विद्या आणि स्त्रीला रूप अशी ही वाटणी नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. सुदैवाने ती नावे पुढे गेली आणि सुवर्णकमळ व रजतकमळ ही नावे रूढ झाली. १९६९ सालापासून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला व पहिला मान देविकाराणींना मिळाला.

पुरस्कार ठरतात कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण ते 'दिल्लीत वरच्या वर ठरते' असा आपल्याकडे समज आहे. चित्रपट आपोआप निवडला जात नाही. निर्मात्याला अर्ज करून तो पाठवावा लागतो आणि त्या कॅलेंडर वर्षात त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते. कथापटांची आधी विभागवार परीक्षक मंडळे छाननी करतात आणि मग मध्यवर्ती मंडळ अंतिम निर्णय करते. पूर्वी हे काम चित्रपट महोत्सव संचालनालयाकडे होते; २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. या व्यवस्थेतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे भाषावार पुरस्कार. चारशे पडद्यांवर लागणारा हिंदी चित्रपट आणि चार गावांत जेमतेम पोचणारा एखाद्या लहान भाषेतला चित्रपट हे दोन्ही त्या परीक्षकांच्या समोर एकाच पडद्यावर येतात. बाजारात असे कधी होत नाही.

एक गोष्ट मात्र या पुरस्कारांत नाही. दूरचित्रवाणी आणि तिच्यावरील वार्ताहरांचे काम यांना येथे स्थान नाही. इंग्लंडमध्ये चित्रपट अकादमीत १९५८ साली दूरचित्रवाणीच्या मंडळींची संघटना विलीन झाली आणि आज 'बाफ्टा' ही एकच संस्था दोन्ही क्षेत्रांतील गुणवंतांना गौरविते. आपल्याकडे दूरदर्शन आणि वाहिन्यांचे जग एवढे अफाट झाल्यावरही राष्ट्रीय सन्मान चित्रपटाभोवतीच राहिला. आमच्या गावात चित्रपटगृह नाही आणि टी.व्ही. मात्र घरोघरी आहे, त्यामुळे ही उणीव मला ठळकपणे जाणवते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. 'श्यामची आई'नंतर मराठी चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळण्यासाठी पन्नास वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात मराठी माणसांना मान मिळत होते. अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला दुसऱ्या वर्षी मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. विजय तेंडुलकरांना 'मंथन'च्या पटकथेसाठी पुरस्कार मिळाला. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला चित्रपट तो हाच. स्मिता पाटील यांना 'भूमिका' आणि 'चक्र' यांसाठी दोनदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. पण हे तिन्ही चित्रपट हिंदी. मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ पुन्हा मिळाले ते २००३ सालच्या 'श्वास'ला. संदीप सावंत दिग्दर्शित या चित्रपटात शस्त्रक्रियेने दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा एक दिवस जग दाखवितात. त्याला ऑस्करसाठी पाठवायचे ठरले तेव्हा लोकांनी वर्गणी गोळा केली होती. त्यानंतर २०११ चा 'देऊळ' (हा मान त्याला 'ब्यारी' या चित्रपटाबरोबर विभागून मिळाला), २०१४ चा 'कोर्ट' आणि २०१६ चा 'कासव' असे आणखी तीन मराठी चित्रपट त्या पदाला पोचले. 'देऊळ'मध्ये गावाला दवाखाना हवा असतो आणि मिळते देऊळ. आमच्या तालुक्यातील कोणत्याही गावाला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

परंतु सुवर्णकमळांच्या या रांगेपेक्षा मला दुसरी एक रांग महत्त्वाची वाटते. २०१० साली मिताली जगताप यांना 'बाबू बँड बाजा'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. २०१२ साली तोच पुरस्कार 'धग'साठी उषा जाधव यांना मिळाला आणि दिग्दर्शनाचा शिवाजी लोटन पाटील यांना. दोन्ही भूमिका आईच्या. पहिलीचा नवरा बँडवाला, दुसरीचे घर स्मशानातल्या कामावर चालणारे. दोघींचाही हट्ट एकच, की मुलाने शाळेत जावे आणि बापाचे काम त्याच्या वाट्याला येऊ नये. म्हणजे १९५३ साली दिल्लीने ज्या मराठी आईचा गौरव केला, तिची जागा साठ वर्षांनी दुसऱ्या मराठी आयांनी घेतली.

या दोन पिढ्यांतला फरक पाहण्यासारखा आहे. श्यामची आई मुलाला संस्कार देते. तिच्याजवळ देण्यासारखे काही आहे: श्लोक आहेत, गोष्टी आहेत, कुळाची आठवण आहे, गरिबी नंतर आलेली आहे. बाबूच्या आणि 'धग'मधल्या आईजवळ वारशाने देण्यासारखे जे आहे तेच त्यांना द्यायचे नाही. श्यामच्या आईचा प्रश्न 'माझा मुलगा चांगला कसा होईल' हा; या दोघींचा प्रश्न 'माझा मुलगा येथून बाहेर कसा पडेल' हा. आमच्या मराठीच्या सरांशी मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, की दोन्हीला वात्सल्यच म्हणतात. असेल, पण माझ्या मते पहिल्यात मूल आईच्या अधिक जवळ येते आणि दुसऱ्यात आई स्वतःच्या हाताने त्याला दूर लोटते. मुलगा शिकला की आईच्या कामाला त्याला नाव देता येणार नाही, हे तिला ठाऊक असते. तरीही ती लोटते. माझ्यासारख्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी महाविद्यालयात येणारे ते पहिलेच, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी 'बाबू बँड बाजा' आईबरोबर मोबाइलवर पाहिला. पडदा तळहाताएवढा, त्यामुळे दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. माझी आई लिहायला-वाचायला शिकलेली नाही. चित्रपट अर्ध्यावर आला तेव्हा ती म्हणाली, "पोराच्या जागी पोरगी असती, तर ही बाई एवढी भांडली असती का गं?" मी काही बोलले नाही. माझ्या थोरल्या ताईची शाळा सातवीनंतर सुटली, तेव्हा घरात भांडण झाले नव्हते. माझ्या वेळी आई भांडली. मधल्या सात-आठ वर्षांत तिच्या मनात काय झाले, हे मी अद्याप तिला विचारलेले नाही.

तिचा तो प्रश्न घेऊन मी पुरस्कारांची यादी पुन्हा चाळली. अशिक्षित आईचा राष्ट्रीय सन्मान झाला आहे, परंतु बहुधा मुलासाठी झगडणारी म्हणून. स्वतःसाठी उंबरठा ओलांडणारी बाई आपल्या चित्रपटांत नाही असे नाही. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'तील सुलभा आहे आणि तो चित्रपटही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला होता. पण सुलभा शिकलेली आहे, सुखवस्तू घरातली आहे. ऊसतोडीच्या किंवा खुरपणीच्या कामावरून परतलेली आणि मुलीच्या दप्तरासाठी नवऱ्याशी भांडणारी आई सुवर्णकमळापर्यंत अजून पोचलेली नाही. यात परीक्षकांचा दोष नाही. जे पाठविले जाते त्यातून ते निवडतात. तो चित्रपट अजून कोणी केलेला नाही, इतकेच.

बदलाच्या खुणा मात्र आहेत. 'फँड्री'ने २०१३ साली नागराज मंजुळे यांना पदार्पणाच्या चित्रपटाचा आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा पुरस्कार मिळवून दिला. 'सैराट'साठी अकलूजच्या रिंकू राजगुरू हिचा परीक्षकांनी विशेष उल्लेख केला. ज्यांची बोली ऐकून शहरातील माणसे हसत असत, त्याच बोलीत बोलून ही मुले राष्ट्रपतींच्या हातून मिळणाऱ्या सन्मानापर्यंत गेली. वक्तृत्व स्पर्धेत 'न' आणि 'ण' यांसाठी ज्यांचे गुण कापले गेले आहेत, त्यांनाच या गोष्टीचा आनंद पुरता कळेल.

राष्ट्रपतींच्या हाताचे महत्त्व किती, याविषयी दोन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. २ मे १९८८ रोजी राज कपूर यांना फाळके पुरस्कार द्यायचा होता. समारंभातच त्यांना दम्याचा झटका आला. तेव्हा राष्ट्रपती आर. वेंकटरामन व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्यांच्या जागेवर जाऊन त्यांनी पुरस्कार दिला. महिन्याभरात राज कपूर गेले. दुसरा प्रसंग ३ मे २०१८ चा. त्या वर्षी राष्ट्रपती केवळ अकरा पुरस्कार देतील व उरलेले मंत्री देतील, असे आयत्या वेळी जाहीर झाले आणि पन्नासांहून अधिक विजेते समारंभाला गेले नाहीत. काहींना हा अहंकार वाटला. मला तो तसा वाटत नाही. पुरस्काराची रक्कम कोणीही दिली तरी तेवढीच असते. पण ज्यांचा चित्रपट एक आठवडाही चित्रपटगृहात टिकत नाही, त्यांना देशाच्या पहिल्या नागरिकाने आपले काम पाहिले, असे घरी सांगता येणे ही कमाई असते. ती कमी होताना माणूस रागावणारच.

चित्रपटगृहात न टिकण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. 'पुरस्कारप्राप्त' हा शब्द आपल्याकडे जवळजवळ इशाऱ्यासारखा झाला आहे. चित्रपट पुरस्कारप्राप्त म्हणजे संथ, दुःखी आणि आपल्यासाठी नव्हे, असे मैत्रिणी सरळ म्हणतात. हे काही अंशी खरेही आहे. पण 'बाबू बँड बाजा' ज्यांच्यावर आहे त्यांना तो पाहायला मिळत नाही आणि ज्यांना मिळतो त्यांना बँडच्या गाडीमागून चालण्याचा अनुभव नसतो, ही अडचण चित्रपटाच्या संथपणाहून मोठी आहे. सुवर्णकमळाबरोबर आता तीन लाख आणि रजतकमळाबरोबर दोन लाख रुपये मिळतात. त्याबरोबर त्या चित्रपटाचे तालुक्याच्या प्रत्येक गावी खेळ करण्याची व्यवस्था झाली असती तर किती बरे झाले असते!

२०२३ सालच्या चित्रपटांचे पुरस्कार २३ सप्टेंबर २०२५ रोजी विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते दिले गेले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'श्यामची आई'. हा सुजय डहाके यांनी नव्याने केलेला. त्याच समारंभात 'नाळ २' मधली चिमुरडी त्रिशा ठोसर साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या आईने तो बातम्यांत पाहिला आणि "कुणाची गं ही?" म्हणून दोनदा विचारले.

जाता जाता एक विनंती. आपल्या वाङ्मय मंडळाने येत्या वर्षात 'बाबू बँड बाजा', 'धग' आणि जुना 'श्यामची आई' हे तीन चित्रपट ओळीने दाखवावेत आणि त्या दिवशी पालकांनाही बोलवावे. अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे ते मराठी पुस्तक आहे. मी ते घेतले तेव्हा त्यावर सहा वर्षांपूर्वीचा शिक्का होता. मी ते परत केले आहे. खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर मिळेल.