गिटारचा मास्तर निवडताना

लालबागमध्ये ढोल-ताशा शिकावयाचा असेल तर फार शोधाशोध करावी लागत नाही. गणपतीच्या आधी पथकाच्या सरावाला जाऊन उभे राहिले की कोणीतरी हातात टिपरू देतोच. गिटारचे तसे नाही. मास्तर कोणता करावा हे विचारावयास आमच्या चाळीत कोणी नव्हते, घरातही नव्हते. कॉलेजला प्रवेश घेतानाही माझी हीच अडचण झाली होती. म्हणून मी सरळ पाटी वाचून गेलो.

पाटी दादरची होती. तीन महिन्यांत गाणी वाजवा, असे तिच्यावर लिहिले होते. तीन महिन्यांची फी आगाऊ भरावयाची होती. आईने भिशीचे पैसे काढून दिले. एका खोलीत आम्ही आठ-नऊ मुले. सर प्रत्येकाची गिटार मोबाईल समोर धरून स्वतःच सुरात लावून देत आणि कॉर्डची चित्रे असलेला कागद हातात ठेवीत. घरी आल्यावर पावसाळी हवेत गिटार उतरली की माझे शिक्षण पुढच्या रविवारपर्यंत बंद! बोटे फार दुखतात असे सांगितले तर उत्तर एकच, "दुखणारच." तीन महिन्यांनी मला दोन गाण्यांचे मुखडे येत होते आणि आपली बोटेच या वाद्याच्या लायकीची नाहीत अशी माझी खात्री झाली होती. आईला मात्र "चांगले चालले आहे" असे सांगत होतो.

पुढे वर्गातील एका मित्राने मला गिरगावातील एका वृद्ध वादकाकडे नेले. त्यांनी मला काही वाजवून दाखव असे म्हटलेच नाही. गिटार आडवी धरून एक डोळा मिटून पाहिले आणि बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून सरकवली. ती न अडता निघाली. तारा इतक्या उंच असतील तर पैलवानाचीही बोटे दुखतील, असे ते म्हणाले. ब्रिजवरची पांढरी पट्टी काढून त्यांनी ती तळाकडून कागदाने घासली, पुन्हा बसवली. दोष माझ्या बोटांत नव्हता हे कळावयास दहा मिनिटे लागली. चार महिन्यांपूर्वी ही दहा मिनिटे मिळाली असती तर!

नंतर दोन आठवडे एकही गाणे नाही. फक्त तारा लावणे. जाड सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा स्वर निघाला पाहिजे. पुढेही असेच, केवळ तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबावयाची. मोबाईल खिशात. कंटाळा आला, हे कबूल करतो. पण घरी गिटार उतरली तरी सराव बंद पडेना.

मास्तर आपलेच वाद्य वाजविणारा हवा, असा माझा समज होता. तोही पूर्ण खरा नाही. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवावयाची हवाईयन गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात ज्यांनी रुजविली, ते ब्रिजभूषण काबरा शिकले सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांचीच गिटार आहे. अर्थात नवशिक्याने हे अनुकरण करू नये. हात कसा धरावा हे दाखविणारा मनुष्य आरंभी लागतोच. आणि आपल्याला हवाईयन शिकावयाची की बोटांनी दाबून वाजवावयाची स्पॅनिश, हे फी भरण्यापूर्वी ठरवावे.

याहून मोठे उदाहरण तर गिरगावातलेच आहे. माझ्या सरांकडे जाण्यासाठी चर्नी रोडला उतरतो, तेथून फ्रेंच ब्रिज जवळच. या पुलापाशी मोदी चेंबर्समध्ये प्रा. बी. आर. देवधरांचे 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' होते. त्याची स्थापना १९२५ची. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. परंतु त्यांनी इतर अनेक गवयांकडून बंदिशी मिळविल्या, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. १९३५च्या सुमारास कुमार गंधर्व लहान वयात त्यांच्याकडे आले, ते नामवंत गायकांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाणारा चमत्कारी मुलगा म्हणून. असा तयार शिष्य मिळाल्यावर एखाद्याने त्याच्या नकलांचे कार्यक्रमच लावले असते. देवधरांनी त्याला एका घराण्याच्या दावणीला बांधले नाही. नाना तऱ्हेचे गाणे त्याच्यासमोर ठेवले. पुढे कुमारांचे गाणे कोणाचीच नक्कल राहिली नाही. मला माझ्या कॉर्डच्या कागदांची आठवण येते ती येथे.

परीक्षांविषयी मित्र फार विचारतात. लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा आठ आहेत. पुढे शिकवावयाचे असेल तर प्रमाणपत्र उपयोगी पडेल. परंतु पहिल्याच भेटीत मास्तर परीक्षेचा अर्ज पुढे करू लागला तर मी तरी उठून येईन. फी महिन्याची द्यावी, आणि एक शिकवणी बसून पाहू द्या असे विचारावयास लाजू नये. मी लाजलो होतो.

परवा सरांकडे लवकर पोहोचलो. ते आत चहा गाळत होते. मी गिटार काढून साऱ्या तारा कानाने लावल्या, एकदा वाजवून पाहिल्या आणि स्वतःवर खूश होऊन बसलो. आतून आवाज आला, "दुसरी जरा खाली आहे रे."

पुन्हा ऐकले. होतीच.